सोनौलीपलीकडे गाडी बंद पडली तर : बेळगाव-निपाणीहून मुक्तिनाथला जाणाऱ्या दोन मोटारसायकलींचे प्रकरण

पहिली गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन 411. केए 22 पासिंग, चार वर्षे जुनी, मालक टिळकवाडीचा, आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे. इन्शुरन्स 'फुल', म्हणजे पॅकेज पॉलिसी, आणि त्यावर रोडसाइड असिस्टन्सचे (आरएसए) ॲड-ऑन. दुसरी गाडी पल्सर 150, नऊ वर्षांची. मालक निपाणीचा, पासिंग मात्र एमएच 09. निपाणीकराला कोल्हापूरचे शोरूम जवळचे, म्हणून गाडी तिथून घेतली आणि कागदांवर पत्ता मामांच्या घरचा दिला. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी, शिवाय एका खासगी कंपनीची वर्षभराची आरएसए मेंबरशिप.

बेत दसरा-दिवाळीच्या मधला. नागपूर, जबलपूर, वाराणसी, गोरखपूर करत सोनौलीला नेपाळची सीमा ओलांडायची, सिद्धार्थ राजमार्गाने पोखरा, पुढे बेनी, जोमसोम आणि मुक्तिनाथ. भारतातलाच रस्ता दीड हजार किलोमीटरच्या पुढे, आणि त्यानंतर नेपाळमधला डोंगर. दोघांचीही समजूत एकच : 'आपल्याकडे आरएसए आहे, फोन केला की गाडी उचलायला येतील.'

ही परिस्थिती अभ्यासासाठी मांडली आहे. सीमाभागातल्या गाड्यांच्या कागदांत नेहमी दिसणारे तिढे तिच्यात मुद्दाम एकत्र आणले आहेत.

कागद उघडल्यावर

पहिला धक्का आरएसएच्या अटींत बसतो. ॲड-ऑन असो, शोरूमचे असो वा खासगी मेंबरशिप असो, आपल्याकडच्या आरएसएचे कार्यक्षेत्र भारताच्या हद्दीपुरते धरूनच चालावे. गोरखपूरपर्यंत ती खरोखर कामाची आहे. सोनौलीची कमान ओलांडली की तिचा उपयोग फोनवर सल्ला ऐकण्यापुरता, आणि तोही नंबर लागला तर. कारण कार्डावर छापलेला 1800 ने सुरू होणारा टोल-फ्री नंबर देशाबाहेरून सहसा लागत नाही. कंपनीकडून +91 लावून फिरवता येईल असा साधा नंबर निघण्याआधीच मागून घ्यावा. परतीला सीमेवर उभे राहिल्यावर तोच लागतो.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आणि तोच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. मोटार पॉलिसी आणि ब्रेकडाउन यांचा मुळात संबंध नाही. पॅकेज पॉलिसीच्या अपवादांत झीज, घसारा आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवलेले असतात. क्लच प्लेट जळाली, स्टेटर गेला, चेन तुटली, यातले काहीही पॉलिसी देत नाही, मग गाडी खानापुरात असो की काठमांडूत. अपघात झाला तर ती जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा खर्च देते, पण दुचाकीच्या प्रमाणित पॅकेज पॉलिसीत त्याची मर्यादा एका अपघाताला 300 रुपये आहे. 'फुल इन्शुरन्स आहे' म्हणणाऱ्याला हा आकडा एकदा दाखवावा, पुढचे बोलणे आपोआप सरळ होते.

मग नेपाळसाठी पॉलिसी निरुपयोगी का? तर तसेही नाही. 2002 च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये भौगोलिक क्षेत्र वाढवून घेण्याची सोय आहे. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या देशांपुरती, जास्तीत जास्त 12 महिन्यांसाठी. पॅकेज पॉलिसीला जादा हप्ता 500 रुपये, नुसत्या थर्ड पार्टीला 100 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे हिमालयनला 590, पल्सरला 118. पॉलिसीतल्या या दुरुस्तीला (एंडोर्समेंट) आयएमटी 1 म्हणतात आणि शाखेत याच नावाने मागावी. एखादी कंपनी थोडा वेगळा दर लावते, तेव्हा आधी विचारून घ्यावे. विमान किंवा जहाजातून गाडी नेताना होणारे नुकसान यात धरत नाहीत. सोनौलीने जाणाऱ्याला त्याची काळजी नाही, श्रीलंकेचा बेत असणाऱ्याला आहे.

एवढ्या पैशात नेपाळमधला अपघात आणि तिसऱ्या माणसाचे नुकसान पॉलिसीच्या कक्षेत येते. पल्सरच्या बाबतीत फक्त तिसऱ्या माणसाचे, कारण तिच्या पॉलिसीत स्वतःच्या गाडीचे नुकसान मुळातच नाही. आणि बिघाड? तो दोन्ही गाड्यांना अजूनही उघडाच.

ऑनलाइन घेतलेल्या पॉलिसीत ही दुरुस्ती बहुधा वेबसाइटवर सापडत नाही. एजंट 'काही लागत नाही, कोणी बघत नाही' म्हणून मोकळा होतो. त्याच्या भरवशावर न राहता कंपनीच्या बेळगावातल्या शाखेत साधा अर्ज द्यावा : गाडी नंबर, पॉलिसी नंबर, देशाचे नाव, जाण्या-येण्याच्या तारखा, सोबत आरसीची प्रत. हातात दुरुस्तीचा शिक्का असलेला कागद पडेपर्यंत काम झाले असे धरू नये. निघण्याआधी किमान तीन आठवडे ठेवावेत.

चार पर्याय आणि त्यांची पारख

दोघांसमोर चार वाटा होत्या. जी आरएसए आहे तिच्यावरच जायचे. परदेश प्रवासाचा विमा घ्यायचा. गाड्या गोरखपूरला ठेवून पोखऱ्यात भाड्याची गाडी घ्यायची. नाहीतर ब्रेकडाउन कव्हर आपले आपणच उभे करायचे.

पहिली वाट वर निकालात निघाली. परदेश प्रवासाचा विमा घ्यावाच, पण तो माणसासाठी. दवाखाना, हेलिकॉप्टरने खाली आणणे, यासाठी. त्यातही दुचाकी चालवताना झालेली दुखापत धरली आहे का, किती सीसीपर्यंत, आणि किती उंचीपर्यंत, ही तीन उत्तरे लेखी घ्यावीत. मुक्तिनाथ 3,700 मीटरच्या वर आहे. उंचीची अट असलेली पॉलिसी तिथे हात वर करू शकते. गाडी उचलून आणणे या विम्यात नसते.

भाड्याच्या गाडीचा पर्याय लोक उगाच हलका समजतात. बिघाड झाला तर गाडी गॅरेजवाल्याची, भन्सार (नेपाळचे सीमाशुल्क) नाही, डोंगरात काय टिकते हे त्याला ठाऊक. मात्र करारात 'क्लच, टायर, लिव्हर ग्राहकाकडे' असे लिहिलेले असते आणि परत देताना ओरखड्यांचा हिशेब होतो. दोघांनाही स्वतःच्या गाडीवर मुक्तिनाथ गाठायचे होते, म्हणून हा पर्याय गळला. ज्याला फक्त दर्शन आणि डोंगर हवा, त्याला आमचा सल्ला हाच.

युरोपात गाडी चालवण्याचा योग आला तर तिथे खरे ब्रेकडाउन कव्हर बाजारात मिळते, तरी खाचाखोचा असतातच. गाडीच्या वयाची मर्यादा बघावी. गाडी घरी आणण्याचा खर्च तिच्या बाजारभावापेक्षा जास्त होत असेल तर कंपनी आणत नाही. फ्रान्सच्या महामार्गावर तुमच्या कंपनीचा ट्रक आत येऊ शकत नाही, कडेच्या केशरी फोनवरून अधिकृत ठेकेदारच बोलवावा लागतो आणि पैसे आधी आपण भरायचे असतात. म्हणून कुठल्याही देशात विचारायचे तेच : कोण येणार, गाडी कुठे टाकणार, आणि तिथल्या तिथे पैसे कोण मोजणार.

स्वतः उभे केलेले कव्हर

चौथी वाट ठरली. तिचे तीन भाग : गाडी बंदच पडू नये अशी तयारी, पडली तर जागीच चालू करण्याचे सामान, आणि तरीही नाही झाली तर सीमेपर्यंत आणण्याचा पैसा व योजना.

इथे एक गोष्ट उलटी आहे. कागदावर दुबळी दिसणारी पल्सर नेपाळमध्ये जास्त सुरक्षित. बजाजच्या गाड्या तिथे गावोगाव आहेत. बेनीसारख्या ठिकाणीही पल्सरची केबल, ब्रेक शू, प्लग मिळण्याची शक्यता दांडगी, आणि ती उघडायला मिस्त्रीला लॅपटॉप लागत नाही. रॉयल एनफिल्डही नेपाळात विकली जाते, पण हिमालयनचा एखादा सेन्सर किंवा पंप जोमसोमला मिळेल या भरवशावर निघता येत नाही. भारतातली वॉरंटी तिथला वितरक मानेलच असेही नाही.

हिमालयनच्या स्वाराने घेतलेले सुटे भाग : क्लच केबल, थ्रॉटल केबल, दोन्ही लिव्हर, एक प्लग, फ्यूज, चेनचे लॉक, पुढचे-मागचे ब्रेक पॅड, आणि पुढच्या 21 इंची चाकाची ट्यूब. दोन ट्यूबांना जागा नसेल तर पुढचीच घ्यावी. अडचणीत 21 इंची ट्यूब मागच्या 17 इंची चाकात दुमडून बसवता येते, उलट होत नाही. नवी क्लच केबल पिशवीत न ठेवता जुन्या केबलच्या कडेने, त्याच वळणांतून ओवून दोन्ही टोके टेपने बांधून ठेवावी. तुटली की फक्त टोके अडकवायची. टाकी उतरवायला लागत नाही, आणि पावसात जोमसोमच्या वाटेवरच्या घासा गावाच्या चढावर ही दहा मिनिटांची गोष्ट होते.

पल्सरला प्लग दोन लागतात, इंजिनच दोन प्लगचे आहे. ही कार्ब्युरेटरची गाडी. उंचीवर हवा विरळ, मिश्रण घट्ट, प्लग काळे पडतात. जोमसोमच्या वर ती दम खाणार हे आधीच धरावे आणि कार्ब्युरेटरच्या स्क्रूशी खेळत बसू नये, कारण पोखऱ्याला उतरल्यावर तेच उलटे करावे लागते.

सामानाच्या पेट्यांसाठी उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये ब्रॅकेट बनवून घेतले. ते साध्या लोखंडाचेच घ्यावेत. ॲल्युमिनियम दिसायला छान, पण डोंगरात तडकले तर त्याला डाग मारणारा सापडणे कठीण. लोखंडाचे वेल्डिंग कोणीही ट्रॅक्टर दुरुस्त करणारा करून देतो. शिवाय पॉलिसीत न दाखवलेले असे जोडकाम अपघाताच्या क्लेममध्ये धरत नाहीत.

पैशाचे म्हणाल तर प्रत्येक गाडीमागे 25,000 रुपये वेगळे. भारतीय शंभराला नेपाळी 160 हा दर ठरलेलाच आहे, म्हणजे 40,000 नेपाळी. पोखऱ्याच्या वर जाताना यातला मोठा भाग नेपाळी रोखीतच जवळ असावा. पिकअपवाला जागेवर पैसे मागतो.

भन्सार, म्हणजे खरी अडचण

भारतीय गाडी नेपाळात नेताना सीमेवर भन्सार काढावे लागते, दिवसांच्या हिशेबाने. वर्षात एकूण 30 दिवसांपेक्षा जास्त भारतीय गाडी ठेवता येत नाही. आता बंद पडलेल्या गाडीचा विचार करा. ती नेपाळात ठेवून बसने घरी येता येत नाही, कारण गाडी तुमच्या नावावर आत आली आहे आणि बाहेर गेली नाही तर दंड व कराचा ससेमिरा मागे लागतो. ब्रेकडाउन कव्हर कितीही महागडे असले तरी हा कागद तुमच्या वतीने कोणी सोडवत नाही.

म्हणून दहा दिवसांच्या बेताला तेरा दिवसांचे भन्सार. जादा तीन दिवसांचे पैसे हाच इथला सर्वात स्वस्त विमा. आणखी दिवस लागणार असे दिसले तर मुदत संपण्याआधी भन्सार कार्यालय गाठावे, नंतर नाही. पावती प्लास्टिकच्या पाकिटात अंगावर, पेटीत नाही. आणि तिचा फोटो सोबत्याच्या मोबाइलमध्ये.

दसरा-दिवाळीचा बेत इथे आडवा येतो. आपली सुट्टी तेव्हा, तसा नेपाळचा दशैं आणि तिहारही तेव्हाच. मुख्य दिवसांत गॅरेज बंद, मिस्त्री गावी, पार्ट्सची दुकाने कुलूपबंद. दोघांनी जाण्याचा मुहूर्त दशैं संपल्यावर आणि तिहारच्या आधी परतता येईल असा धरला. फोटोसाठी निळे आकाश तेव्हाही असते.

हिमालयनवर बँकेचा बोजा असल्याने बँकेचे ना-हरकत पत्र आधीच घेतले. गाडी वडिलांच्या वा भावाच्या नावावर असेल तर मालकाचे अधिकारपत्र जवळ हवे. स्वतःसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र. लहान मुले आणि ज्येष्ठ सोडले तर बाकीच्यांना नुसत्या आधारवर अवलंबून राहता येत नाही.

प्रसंग : घासाच्या वर क्लच

आता योजना घासून पाहू. बेनी ओलांडून तातोपानी, दाना, घासा करत लेतेकडे चढताना हिमालयनचे इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरकत नाही. सामान 30 किलो, चिखलात अर्ध्या क्लचवर तासभर. क्लच घसरतो आहे.

आधी लिव्हरची ढील पाहायची. 2-3 मिलिमीटर मोकळी चाल नसेल तर क्लच सतत किंचित दाबलेला राहतो. ॲडजस्टर सैल करून, अर्धा तास थांबून, गाडी गार होऊ द्यायची. नुकतेच ऑइल बदलले असेल तर डबा आठवायचा : मोटारकारचे ऑइल घातले असेल, मोटारसायकलच्या ओल्या क्लचसाठीच्या जासो (JASO) एमए दर्जाचे नसेल, तर ओल्या क्लचच्या प्लेटा घसरतात, आणि तेव्हा ऑइल बदलूनही काम भागते. दोन्ही नसेल आणि जळका वास येत असेल तर प्लेटा गेल्या. वर चढण्याचा नाद सोडायचा. हा निर्णय लेतेच्या खालीच घ्यावा. जोमसोमपर्यंत रेटत नेलेली गाडी खाली आणायला तेवढाच जास्त खर्च.

पल्सरला बांधून ओढणे चढावर नको. सपाटीवर थोडे अंतर असेल तर पट्ट्याचे एक टोक पुढच्या गाडीच्या फूटरेस्टला, दुसरे मागच्याच्या फूटरेस्टला नुसता वेढा देऊन बुटाखाली दाबलेले, गाठ न मारता. गाडी पडतेय वाटले की पाय उचलायचा. हँडलला किंवा फोर्कला (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांना) पट्टा कधीच नाही.

घासापासून पिकअप ठरवून बेनी, शक्य तर थेट पोखरा. चढवण्याआधी गाडीचे चारी बाजूंचे आणि मीटरचे फोटो. पुढचे चाक केबिनच्या भिंतीला टेकलेले आणि सरळ. पट्टे हँडलला न लावता फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला, दोन्ही बाजूंना पुढे खेचून, फोर्क निम्मे दबेपर्यंत ताणायचे. मागे दोन पट्टे फ्रेमला. हँडलला बांधले तर खड्ड्यात ते फिरते आणि पट्टा सुटतो. फोर्क पूर्ण दाबले तर सील जातात. गाडी गिअरमध्ये, साइड स्टँड वर उचललेला, कारण स्टँडवर उभी करून ताणली की स्टँडचा कान वाकतो. पेट्या उतरवून वेगळ्या. दोन किलोमीटरवर थांबवून पट्टे पुन्हा ताणायचे; पहिल्या धक्क्यांत ते ढिले होतातच.

पोखऱ्यात प्लेटा मिळाल्या तर काम एका दिवसाचे : ऑइल काढणे, उजवे कव्हर, नवे गॅस्केट, नव्या प्लेटा ऑइलमध्ये भिजवून बसवणे. गॅस्केट सोबत असेल तर उत्तम, ते कागदाएवढे हलके असते. नाही मिळाल्या तर पुन्हा पिकअप, 181 किलोमीटर खाली सोनौली. बुटवलच्या वर सिद्धबाबाजवळ दरड पडून रस्ता अडण्याची सवय आहे, म्हणून पहाटे निघायचे. भन्सार परत करून गाडी ढकलत भारतात आणायची, आणि मग +91 वाल्या नंबरवर फोन. आरएसए आता लागू होते. ती गाडी जवळच्या अधिकृत वर्कशॉपला, बहुधा गोरखपूरला टाकेल, बेळगावला नाही. मेंबरशिप विकताना हे कोणी सांगत नाही.

या सबंध प्रसंगात घासा ते सोनौली या टप्प्यात पॉलिसीतल्या 590 रुपयांच्या दुरुस्तीने एक पैसा दिला नसता. तरी ती घ्यायचीच, कारण त्याच रस्त्यावर समोरून येणारी जीप घासली तर हिशेब लाखांत जातो. अपघात झाल्यास 100 ला पोलीस, 102 ला रुग्णवाहिका, 103 ला वाहतूक पोलीस. पर्यटक पोलीस 1144. पोलिसांचा अहवाल नेपाळीत असला तरी देवनागरीत असतो, म्हणून सही करण्याआधी तारीख, जागा आणि गाडी नंबर स्वतः वाचता येतात. कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि सर्व्हेअरच्या (नुकसान तपासणाऱ्याच्या) मंजुरीआधी दुरुस्ती करू नये.

पल्सरचा पत्ता

निपाणीच्या गाडीचा तिढा वेगळाच. मेंबरशिपच्या अटीत 'घर' म्हणजे नोंदणीतला पत्ता, तोही कोल्हापूरचा. सीमा ओलांडून भारतात आल्यावर जी काही मदत घरापर्यंतची म्हणून मिळेल ती मामांच्या दारात. आणि दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेली गाडी तिथे नव्याने नोंदवावी, असे मोटार वाहन कायद्याचे कलम 47 सांगते. सीमाभागात हे कोणी फारसे मनावर घेत नाही, पण क्लेमच्या वेळी सर्व्हेअर विचारतो. मेंबरशिपमधला पत्ता फोनवर बदलला. आरटीओचे काम परतल्यावर.

गोरखपुरात दुरुस्ती लांबली तर गाडी रेल्वेने पुण्याला किंवा मुंबईला पाठवायची. तिकीट हातात असेल तर 'लगेज' म्हणून तुमच्याच गाडीत, नसेल तर 'पार्सल' म्हणून. टाकी पूर्ण रिकामी, गोणपाटाने गुंडाळलेली, हँडल आणि इंडिकेटर सांभाळून. आरसी व पॉलिसीची प्रत आणि ओळखपत्र लागते. आरसे काढून पिशवीत टाकावेत, आणि नंबर व पत्ता खडूने न लिहिता पुठ्ठ्यावर लिहून तारेने बांधावा.